हान्गुल : राजाने दिलेली, प्रजेने राखलेली लिपी

बहुतेक लिप्यांचा कर्ता कोण, हे सांगता येत नाही. कोरियाच्या हान्गुल लिपीचे तसे नाही. चोसन घराण्याचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये २८ अक्षरे सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेच्या हाती दिली. तोवर कोरियन माणूस बोले कोरियन, पण लिहायचे झाले की चिनी चिन्हे. ती शिकण्याची फुरसत उमरावांना. सामान्य रयतेला आपले गाऱ्हाणेही मांडता येत नसे.

या लिपीची रचना मी इतिहासाच्या तासाला फळ्यावर काढून दाखवतो. 'न' म्हणताना जिभेचे टोक वर टेकते, म्हणून त्याचे अक्षर काटकोनी. 'म' म्हणजे तोंडाचा चौकोन. 'ग'च्या अक्षरात एक रेघ वाढवली की 'ख'. कवर्ग, चवर्ग घोकलेल्या आपल्या मुलांना हे चटकन उमगते.

खरी गंमत अक्षरे जुळवण्यात आहे. एकेक उच्चार एकेका चौकोनात बसवायचा. उभ्या रेघेचा स्वर व्यंजनाच्या उजवीकडे, आडव्या रेघेचा खाली आणि शेवटचे व्यंजन तळाशी. 'हान्' लिहिताना वर डावीकडे 'ह', उजवीकडे 'आ', खाली 'न'. 'गुल्'चे तिन्ही भाग एकाखाली एक. उच्चार स्वरानेच सुरू होत असेल, तर व्यंजनाच्या जागी मुके वर्तुळ काढतात. आपण 'हान्गुल' लिहितो तेव्हा 'न' पुढच्या 'गु'ला जाऊन चिकटतो. कोरियन चौकोनात तो 'हा'च्याच पायाशी राहतो.

इतकी सोपी लिपी विद्वानांना मानवली नाही. १४४४ मध्ये छ्वे मान-री या दरबारी पंडिताने अर्ज केला, की चिनी अक्षरे सोडून वेगळी लिपी करणे हे रानटी लोकांचे लक्षण. १५०४ मध्ये येओनसान राजाने आपल्या निंदेची पत्रके या लिपीत निघाली म्हणून ती शिकण्या-शिकवण्यास बंदी घातली. तरी घराघरांतल्या बायकांनी पत्रांतून ती चालू ठेवली. सरकारी कागदात तिला मान मिळाला तो १८९४ मध्ये. पुढे जपानी अमलात, १९४२ मध्ये, कोरियन शब्दकोश रचणारे अभ्यासक पकडले गेले. त्यांतले दोघे तुरुंगात वारले. जप्त झालेले हस्तलिखित १९४५ मध्ये सोल स्टेशनच्या गोदामात सापडले आणि कोश पुरा झाला.

आमच्या सीमाभागातली मुले मराठी आणि कानडी दोन्ही लिहितात; लिहावीतच. पालकांना माझे सांगणे एवढेच : शाळेने शिकवलेली अक्षरे घरातल्या चार ओळींवर टिकतात. आजीला पाठवायचा दिवाळीचा मजकूर मुलाच्या हातून मराठीत लिहवून घ्या.