धारावी किल्ला : वसईच्या विजयाची किल्ली

धारावी म्हटलं की मुंबईतली वस्ती आठवते. पण इतिहासातली ही धारावी आहे भाईंदरला, उत्तनजवळच्या चौक गावात. खाडीच्या तोंडावर टेकडी आणि समोर वसईचा किल्ला.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम उघडली. ठाणं हाती आलं, पण वसई दाद देईना, कारण किल्ल्याला रसद समुद्रातून यायची. खाडीत शिरणाऱ्या जहाजांवर धारावीच्या टेकडीवरून तोफा डागता येत. म्हणूनच या जागेसाठी दोन्ही फौजा पुन्हा पुन्हा भिडल्या. १७३९ मध्ये धारावी मराठ्यांकडे आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली.

आज इथं तटाचे थोडेच अवशेष उरलेत. वसईचा किल्ला बघायला गेलात, तर खाडीचा हा काठही जरूर बघा.