पारवा आणि सूड

आम्ही गाणगापूरकर. आमचं पाणी म्हणजे भीमा-अमरजेचा संगम. समुद्र मी पाहिला तो लग्नानंतर, अलिबागजवळच्या थळला. समोर खांदेरी दिसत होती.

१६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याकरवी तिथे किल्ल्याचं काम काढलं आणि मुंबईचे इंग्रज बिथरले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार वल्हवत असं चालून आलं की इंग्रजांना नांगर उचलायला उसंत मिळेना. त्यांच्या 'डव्ह' गुराबेनं निशाण उतरवलं. ती मराठ्यांच्या हाती लागली. 'रिव्हेंज' मात्र तोफा डागत राहिली आणि आपल्या आरमाराला मागं फिरावं लागलं.

डव्ह म्हणजे पारवा, रिव्हेंज म्हणजे सूड! सकाळी गच्चीवर पारव्यांना जोंधळे टाकताना ही नावं हटकून आठवतात.

त्या दिवशी जिंकलं कोण? इंग्रज म्हणतील, आम्ही. पण रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या लहान होड्या पहारा चुकवून बेटावर सामान पोचवत राहिल्या. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी तह केला. खांदेरी महाराजांकडेच राहिली. तोफा डागणाऱ्यांची नावं पुस्तकात सापडतात. त्या होड्या वल्हवणाऱ्यांची नावं मी अजून शोधतेय.