संगणकाचा दर्शक म्हणून दूरचित्रवाणी संच

संगणकातील मजकूर व चित्रे दाखविण्यासाठी स्वतंत्र दर्शकाऐवजी (मॉनिटरऐवजी) दूरचित्रवाणी संच वापरण्याची पद्धत १९८० च्या सुमारास गृहसंगणकांबरोबर रूढ झाली. दर्शक महाग असे. संच मात्र घरात असेच. संगणकातील चित्रसंदेश दूरचित्रवाणीच्या कंप्रतेच्या वाहक तरंगावर आरूढ करून आकाशकाच्या जोडणीतून संचास दिला जाई.

महाराष्ट्रात मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील दशकात प्रक्षेपकांचे जाळे देशभर विस्तारले आणि नागपूरसारख्या शहरांतील घरांतही संच आले. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या स्पेक्ट्रम या गृहसंगणकाची सुधारित आवृत्ती डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवान्याने भारतात आणली. त्यासही घरचा संच पुरे.

ही सोय मराठीस मात्र अपुरी होती. स्पेक्ट्रमचे चित्र २५६ × १९२ बिंदूंचे असून एका ओळीत ३२ अक्षरे बसत. प्रत्येक अक्षरास मिळणाऱ्या ८ × ८ बिंदूंच्या चौकटीत रोमन अक्षर मावे. देवनागरीची शिरोरेखा, वरील मात्रा, खालील उकार व जोडाक्षरे मावत नसत. भारतीय लिपी संगणकावर आणणारे ‘जिस्ट’ तंत्र कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत व नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये विकसित झाले.

२००२ मध्ये एचडीएमआय हे अंकीय जोडणीचे मानक ठरले. १,९२० × १,०८० बिंदूंच्या संचांवर देवनागरी सुवाच्य उमटते. नागपूरच्या सीताबर्डी बाजारपेठेत आज मिळणारा संच एका तारेने संगणकास जोडून त्यावर मराठी वाचता येते.