अमृताचे ताट आणि नरोटी

ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये सिद्ध झाली आणि एकनाथांनी ती शके १५०६ (१५८४) मध्ये संशोधिली. मधल्या सुमारे तीन शतकांत नकला करणाऱ्यांचे हात तिच्यावरून बरेच फिरले होते. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला, असे नाथ सांगतात. शुद्ध प्रत सिद्ध केल्यावर त्यांनी शेवटी बजावले की, ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे जाणावे.

हा दृष्टांत आपल्याला इतका प्रिय आहे की त्यातील संदिग्धता सहसा नजरेत भरत नाही. नाथांच्या ओवीत शब्द आहे ‘पाठीं’. ज्ञानेश्वरीच्या पाठात, की तिच्या पाठीमागून? पहिला अर्थ प्रक्षेपकाला अडवतो, दुसरा पुढच्या प्रत्येक ओवीकाराला! भावार्थरामायण ओवीतच रचणाऱ्या नाथांना दुसरा अर्थ अभिप्रेत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

अधिक मोठी अडचण इशाऱ्याच्या जागेची आहे. नक्कल करणारा अठरावा अध्याय संपवून तिथे पोचतो. तोवर घालायच्या त्या ओव्या घालून झालेल्या असतात. शिवाय ज्याच्यापुढे नाथपूर्व प्रत आहे त्याला हा इशारा दिसतच नाही, आणि खरी गरज तर त्यालाच! (मराठी विकिपीडियावर जुनी आवृत्ती संपादायला घेतली, तर सूचना लेखनचौकटीच्या वरच येते, जतन केल्यास मधले बदल जातील, हेही ती सांगते.)

नाथांनी कोणत्या ओव्या गाळल्या, कोणते शब्द बदलले, याची नोंद ग्रंथात नाही. याउलट महानुभावांनी मूळ लीळाचरित्र हरवल्यावर स्मरणातून ते पुन्हा उभे करताना भिन्न पाठ ‘वासना’ म्हणून शेजारीच नोंदले. वाचताना ते अडखळवतात खरे, पण काय बदलले ते लपत नाही.

वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि हा प्रश्न पुन्हा उघडा पडला. १९६० ची शासकीय प्रत तिच्याच आधारे निघाली. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात मात्र पारायण चालते ते नाथपरंपरेच्या प्रतीवर. वर्गात दोन विद्यार्थ्यांपुढे या दोन परंपरांच्या पोथ्या असल्या की ओव्यांचे क्रमांक जुळत नाहीत. शिकवणाऱ्याने आधी प्रत कोणती ते विचारावे, मग ओवी.