खोटा हिरवा दिवा : रुळांतल्या विजेची गोष्ट

पाचोरा म्हटले की अनेकांना जामनेरची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी आठवते. आजचा धागा मात्र भुसावळ–मनमाड या मोठ्या मार्गाविषयी आहे. पुढे रुळावर गाडी आहे, हे सिग्नलला कळते कसे? आणि कळवणारी यंत्रणाच बिघडली तर?

१८७० साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी संशोधकाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक प्रतिकृती मांडली. गाडी आली की परिपथ पूर्ण होई आणि धोक्याची खूण दिसे. युक्ती चांगली, पण घातक! तार तुटली किंवा बॅटरी उतरली, तर गाडी समोर उभी असूनही मार्ग मोकळाच दिसणार. बिघाड आणि रिकामा रूळ यांत फरकच नव्हता.

१८७२ साली त्याने मांडणी उलटी केली. दोन्ही रुळांतून सतत मंद वीज वाहते आणि रिले उचललेला ठेवते. चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच परतते, रिले पडतो, दिवा लाल होतो. तार तुटली तरी लालच. माझ्या मते रेल्वेच्या इतिहासात याहून शहाणी दुरुस्ती क्वचितच झाली असेल.

१९२८ साली मुंबईत व्हीटी–भायखळा मार्गावर स्वयंचलित रंगीत सिग्नल आले.

दोष शोधणे तरीही सोपे नव्हे. पावसात खडी भिजली की वीज झिरपते आणि रिकामा रूळही व्यापलेला दिसतो. त्यामुळे गाड्या थांबतात, एवढेच. रूळ गंजला आणि चाकांनी परिपथ नीट जोडला नाही, तर मात्र उभी गाडीच अदृश्य होते. म्हणून तंत्रज्ञ रुळाच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजतो, मग रूळ जाणूनबुजून तारेने जोडून रिले खरोखर पडतो का, ते पाहतो.

रस्त्यांवरील चौकांत डांबराखाली पुरलेल्या वेटोळ्यांनीही हाच धडा घेतला. वेटोळे तुटले की अनेक यंत्रे ‘वाहन उभे आहे’ असेच कळवतात.

या परिपथाला चाके कळतात, माणूस कळत नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ, माहेजी आणि परधाडे या स्थानकांदरम्यान, आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जण दगावले.