रूळ कुणाचे? विशाल गोंडल, इंडियागेम्स आणि दारव्ह्यातला एक प्रश्न

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसंच्या तसं.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो, दारव्ह्याला. मावशीकडे चहा प्यायला बसलो तर तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला. "तू कम्प्युटरवाला आहेस. समजाव बरं याले." याले म्हणजे माझा मावसभाऊ. बारावीला आहे आणि त्याला गेम बनवायचे आहेत. खेळायचे नाहीत, बनवायचे.

मावशीच्या डोक्यात गेम म्हणजे मोबाइलवरची रमी. मी सांगितलं, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर संसदेने 2025 च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा केलाय. हा पोरगा म्हणतोय ते वेगळं काम आहे. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असंन. पण पोट भरते का त्याच्यानं?"

खरं सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि दोन मित्रांनी कबड्डीचा एक गेम प्ले स्टोअरवर टाकला होता. तो डाऊनलोड केला आमच्याच होस्टेलच्या पोरांनी. जाहिरातीची कमाई खात्यातून काढता येईल इतकी कधी झालीच नाही. मग प्लेसमेंट, पुणे, नोकरी. तुम्हाला माहितीये पुढची स्टोरी.

म्हणून या वेळी ठरवलं, की ज्याने आपल्याकडे हे आधी करून दाखवलं त्याचा इतिहास काढायचा. नाव विशाल गोंडल. गाव मुंबई. कंपनी इंडियागेम्स.

पण आधी थोडं मागे, जपानला जाऊ. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो टीव्ही गेम असेल. खोका, दोन रिमोट, वरून खुपसायची कॅसेट, आणि कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. त्यावर मारिओ आणि काँट्रा. ती बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये 1983 च्या जुलैमध्ये आला. तेव्हा निन्टेंडोचे प्रमुख होते हिरोशी यामाऊची. 1949 पासून 2002 पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून जास्त, त्यांनी ती कंपनी चालवली. मुळात ती पत्ते बनवणारी कंपनी, क्योटो शहरातली, 1889 ची.

यामाऊचींनी धंदा म्हणून काय केलं ते नीट बघा. खोका त्यांचा. दुसऱ्या कंपनीला त्या खोक्यासाठी गेम बनवायचा असेल तर परवाना घ्यायचा, पैसे द्यायचे, आणि कॅसेटही बहुतेक वेळा निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायची. अमेरिकेत तर एका कंपनीने वर्षाला किती गेम काढायचे यावरही मर्यादा होती. गेम कुणाचाही असो, वाटा निन्टेंडोला.

आपल्या गावच्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे शकुंतला होती ना! यवतमाळ ते मूर्तिजापूर, मध्ये दारव्हा. इंग्रजांच्या काळात विदर्भातला कापूस बाहेर न्यायला टाकलेली छोटी लाइन. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारची झाली, पण या लाइनचे रूळ एका खासगी कंपनीच्याच मालकीचे राहिले. गाडी भारतीय रेल्वेची, माणसं आपली, आणि वर्षानुवर्षं मोबदला रुळांच्या मालकाला. आजोबा सांगायचे तेव्हा मला ती गंमत वाटायची. आता वाटतं, धंद्याचा अख्खा धडाच होता तो.

हे डोक्यात ठेवा आणि मुंबईला या. 1999. कारगिलचं युद्ध सुरू होतं. विशीतल्या गोंडल यांनी कम्प्युटरवर 'आय लव्ह इंडिया' नावाचा एक छोटा गेम काढला. त्यात निशाणा होते पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ. लोकांनी तो भरपूर खेळला. त्याच वर्षी इंडियागेम्स सुरू झाली.

आता विचार करा, 1999 मध्ये भारतात गेम विकायचा कुणाला? घरी कम्प्युटर मोजक्यांकडे. इंटरनेट फोनच्या वायरीवरून, मिनिटामिनिटाचं बिल. कॅसेट आणि सीडी तर नकलीच जास्त खपायच्या. त्यामुळे खेळणाऱ्याकडून थेट पैसे मिळणं कठीण. मग काही वर्षांत रंगीत स्क्रीनचे, जावा चालवणारे फोन आले आणि इंडियागेम्सने तिकडे जोर लावला.

कोडिंग करणाऱ्यांनो, इथे थोडं थांबा. ते काम आजच्यासारखं नव्हतं. प्रत्येक फोनचा स्क्रीन वेगळा, बटणं वेगळी, मेमरी वेगळी. गेमला जागा मिळायची काही शे केबी. आज आपण व्हॉट्सॲपवर 'गुड मॉर्निंग'चा जो फोटो पाठवतो तेवढ्यात अख्खा गेम बसवायचा! वर एकच गेम कितीतरी हँडसेटसाठी परत परत जुळवून द्यायचा. या कामाला पोर्टिंग म्हणतात, आणि अशा कंपन्यांमध्ये कितीतरी इंजिनिअर हेच करत बसायचे.

बरं, गेम झाला. विकायचा कुठे? मोबाइल कंपनीच्या मेनूत. पैसे कापले जायचे बॅलन्समधून आणि त्यातला मोठा वाटा ठेवायची मोबाइल कंपनी. रूळ तिचे, बरं का. गोंडल यांचं खरं काम इथे दिसतं. मोबाइल कंपन्यांशी करार, ब्रूस लीसारख्या जगाला माहीत असलेल्या नावांचे परवाने, क्रिकेटचे गेम. मेनूत वरच्या ओळीत दिसायचं असेल तर ओळखीचं नाव लागतं, हे त्यांनी लवकर ओळखलं. ब्रॉडबँड आल्यावर बीएसएनएलच्या ग्राहकांसाठी महिन्याच्या वर्गणीवर कम्प्युटर गेम द्यायची सोयही इंडियागेम्सने केली होती.

या व्यवहाराची दुसरी बाजू मी घरी पाहिलीये. मी सहावी-सातवीत असेन. पप्पांच्या फोनवर एक गेम घ्यायला म्हणून बटण दाबलं. कोणत्या कंपनीची सेवा होती ते सोडून देऊ. पुढे दर आठवड्याला बॅलन्स कटायला लागला. बंद कसं करायचं ते कुणालाच कळेना. पप्पा मला काही बोलले नाहीत, फक्त फोन वरच्या फळीवर ठेवायला लागले. मावशीचा गेमवरचा राग कुठून येतो ते मला म्हणूनच कळतं. आपल्या गावांत गेमची पहिली ओळख अशीच, पैसे कापणारी झाली.

पुढे कंपनीचे मालक बदलत गेले. 2005 मध्ये चीनच्या टॉम ऑनलाइनने मोठा हिस्सा घेतला. सिस्को आणि मॅक्रोमीडियासारख्या अमेरिकन कंपन्यांचे पैसेही आले. 2007 मध्ये मुंबईच्या यूटीव्हीने ताबा घेतला. 2012 मध्ये डिस्नेने यूटीव्ही विकत घेतली आणि गोंडल डिस्नेच्या इथल्या डिजिटल कामाचे प्रमुख झाले. 2013 मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी गोकी ही फिटनेसची कंपनी घेऊन आले.

दरम्यान रूळच बदलले होते. 2008 च्या जुलैमध्ये ॲपलचं ॲप स्टोअर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडचं मार्केट. मोबाइल कंपनीचा मेनू संपला. आता नियम साधा होता, 70 टक्के बनवणाऱ्याला आणि 30 टक्के स्टोअरला. 2021 पासून लहान कंपन्यांसाठी तो वाटा 15 टक्क्यांवर आलाय. रुळांचा मालक बदलला, भाडंही कमी झालं. मालक मात्र आपण नाहीच.

2020 च्या 2 सप्टेंबरला पबजी मोबाइलवर बंदी आली. दोनच दिवसांनी फौजीची घोषणा झाली, अक्षय कुमारच्या तोंडून. बनवणारी कंपनी एनकोर, आणि तिच्यामागे परत गोंडल. 26 जानेवारी 2021 ला गेम आला. मीही पहिल्याच दिवशी टाकला होता. गर्दी प्रचंड झाली, पण लोकांना हवा होता पबजीसारखा गेम, आणि हातात आली ठोसे मारायची छोटी मोहीम. रेटिंग घसरलं. 1999 ची युक्ती, म्हणजे बातमी गरम असताना गेम आणायचा, लोकांना दारापर्यंत घेऊन आली. आत थांबवायला गेमच लागतो.

त्याच वर्षांत पुण्यात उलटं घडत होतं. नॉडिंग हेड्स नावाची छोटी टीम 2017 पासून 'राजी' बनवत होती. भाऊ पळवून नेलेल्या मुलीची गोष्ट, आपल्या पुराणांतली, आपल्या वास्तूंतली. लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा करायचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये 'राजी' आधी कुठे आला माहितीये? निन्टेंडोच्या स्विचवर. ज्या कंपनीच्या खोक्याची नक्कल आपण फुंकर मारून चालवली, तिच्या खऱ्या खोक्यावर पुण्याचा गेम! त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये नव्या छोट्या टीमच्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं.

तर मग मावशीच्या प्रश्नाचं काय?

मी फोन करून भावाशी बोललो. सांगितलं, गोंडलकडून एक शीक. बनवणं अर्धं काम आहे, विकायचा रस्ता शोधणं उरलेलं अर्धं. मी कबड्डीच्या गेमनंतर ते उरलेलं अर्धं केलंच नव्हतं. आणि 'राजी'वाल्यांकडून दुसरं शीक. रूळ दुसऱ्याचे असले तरी डब्यातला माल आपला असला पाहिजे. बीटेक कर, आणि दिवाळीपर्यंत एक छोटा गेम पूर्ण कर. पूर्ण म्हणजे शेवटच्या लेव्हलपर्यंत. तो म्हणाला, "दादा, तू पण बस ना माझ्यासोबत." मी हो म्हणून बसलोय, आता बघू.

मावशीला म्हटलं, "भरते पोट, पण पहिल्या दिवसापासून नाही. तोवर डिग्री हातात राहीन." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कापसाचंही तसंच असते बाबा. मालाले भाव कोण देते, ते आधी पाहाव लागते."

तर मंडळी, तुमच्या घरच्या फोनमधून असा बॅलन्स कटला होता का? की तुमच्या गावात कुणी गेम बनवतंय? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!