नाशिकचीं द्राक्षें आणि परकी बुरशी

नाशिकचें नांव निघालें कीं गोदावरी, पंचवटी आणि द्राक्षें हीं एकदमच डोळ्यांसमोर उभीं राहतात. परंतु बाजारांतून द्राक्षांची पेटी घरीं नेणाऱ्या गृहस्थास त्या फळाच्या किंमतींत मिसळलेला एक जुना खर्च सहसा दिसत नाहीं. न बोलावतां परदेशांतून आलेल्या दोन बुरशांचा हा खर्च होय. एकीस बागाइतदार भुरी म्हणतात, दुसरीस केवडा. दोघींचेंही मूळ स्थान उत्तर अमेरिका.

तेथील रानवेलींनीं हजारों वर्षांच्या सहवासानें ह्या बुरशा सोसण्याची शक्ति मिळविली होती. युरोप व आशिया खंडांत लागवडीस असलेल्या द्राक्षवेलीस ती शक्ति नव्हती. सन १८४५ मध्यें इंग्लंडांतील मार्गेट येथें टकर नांवाच्या माळ्यास काचगृहांतील वेलींवर पांढरी पूड आढळली, तीच भुरी. थोड्याच वर्षांत ती फ्रान्सभर पसरली आणि १८५४ सालीं त्या देशाचें द्राक्षमद्याचें उत्पादन पूर्वीच्या चौथाईच्या आसपास आलें. गंधकाच्या भुकटीनें तिला आवर घातला, तोंच अमेरिकेंतूनच आलेल्या फायलॉक्सेरा नामक कीटकानें वेलींचीं मुळें ग्रासलीं. उपाय सुचविणारास फ्रेंच सरकारनें तीन लाख फ्रँकांचें बक्षीस लाविलें. अखेर अमेरिकन खुंटांवर कलमें बांधण्याचा मार्ग सांपडला. परंतु त्या खुंटांबरोबरच १८७८ च्या सुमारास केवडा युरोपांत शिरला. एका रोगाचें औषध आणावयास जावें आणि त्याच गलबतांतून दुसरा रोग यावा, असा हा प्रकार झाला.

केवड्यावरील उपाय मात्र योगायोगानें हातीं आला. बोर्डो प्रांतांत वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली हिरव्या राहिल्या, हें प्राध्यापक मिलार्दे यांनीं हेरलें आणि १८८५ मध्यें बोर्डो मिश्रण जगापुढें मांडलें.

हिंदुस्थानांत केवड्याची पहिली नोंद १९१० सालची, पुण्याजवळची आहे. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ बर्न्स यांनीं त्या काळांत द्राक्षांच्या रोगांचा अभ्यास केला. परदेशांतून येणाऱ्या रोपांवर व किडींवर नजर ठेवणारा कायदा झाला तो १९१४ सालीं. दार लागलें, परंतु पाहुणा तोंवर माजघरांत येऊन बसला होता.

पुढें १९२५ मध्यें निफाड तालुक्यांतील ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं द्राक्षांची लागवड केली आणि ह्या परिसरांत बागाइतीचा विस्तार होत गेला. पांगाऱ्याच्या आधारावर वाढणाऱ्या भोकरीसारख्या जुन्या जाती मागें पडल्या. तारांच्या मांडवावर बिनबियांची थॉमसन आली. उत्पन्न वाढलें, तसा धोकाही वाढला. कारण शेजारींशेजारीं एकाच जातीचे मळे म्हणजे बुरशीला पंगतच.

नाशकाकडे वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते: एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळासाठीं गोडी छाटणी. पावसाळा टळून कोरड्या हवेंत फळ पिकावें, असा त्यांतील हेतु. परंतु गोडी छाटणीनंतर कोंवळी फूट व घड बाहेर पडत असतांना अवकाळी पाऊस आला कीं केवडा घडावरच उतरतो. नोव्हेंबर १९०९ नव्हे, तर शंभर वर्षांनंतर, नोव्हेंबर २००९ मध्यें, फयान वादळाच्या पावसानंतर बागाइतदारांनीं हाच अनुभव घेतला. शतकभराच्या ज्ञानानेंही हा शत्रु हटलेला नाहीं. तो केवळ थोपवून धरलेला आहे.

म्हणून नुकसानीचा हिशेब करतांना केवळ गळालेले घड मोजून भागत नाहीं. ज्या वर्षीं एकही घड जात नाहीं त्या वर्षींही औषधें, मजुरी, इंधन आणि त्यांसाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज हीं चुकत नाहींत. हा कर शंभर वर्षें चालू आहे. वर आणखी एक गोष्ट: औषधांची विक्री वाढली तर देशाच्या हिशेबांत ती व्यापाराची वृद्धि म्हणून दिसते, बागाइतदाराच्या वहींत तोच आंकडा खर्चाच्या बाजूस असतो. शिवाय फवारणीचें तांबें जमिनींत सांचत जातें, तें कोणत्याच वहींत चढत नाहीं. रोग आणि किडी यांवरील औषधांचे अंश फळांत उरले तर बाजारही हातचा जातो. सन २००३ मध्यें नेदरलँड्समध्यें कीटकनाशकाच्या अंशांमुळें भारतीय द्राक्षें नाकारलीं गेलीं. तेव्हांपासून निर्यातीच्या द्राक्षांची अंशतपासणी हा नेहमींचा खर्च होऊन बसला.

जगाचा आंकडाही असाच वाढता आहे. आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या २०२३ च्या अहवालानुसार आक्रमक परकी जीवांमुळें होणारी हानि २०१९ मध्यें वर्षास ४२३ अब्ज डॉलरांहून अधिक होती, आणि १९७० पासून ती दर दशकांत चौपट होत आली आहे.

ह्या साऱ्या इतिहासाचा बोध एकच. परका जीव आंत येण्यास एखादी काडी किंवा रोप पुरतें. एकदां रुजला कीं त्याचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या फिटत नाहीं. बंदरावरील तपासणीस गैरसोय समजणाऱ्या, अथवा परदेशांतून आवडीची वेल सामानांत लपवून आणणाऱ्या सुशिक्षित प्रवाशानें निफाड-दिंडोरीच्या बागाइतदाराची वही एकदां डोळ्यांखालून घालावी. बंदरावर जो खर्च वाचला असें त्यास वाटतें, तो त्या वहींत दरसाल मांडला जात असतो.